घर-अंगण : लाकूड फोडताना हातभार लावावा का?



मागच्या अंकानंतर आलेल्या पत्रांत आणि फोनमध्ये तीन-चार वाचकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. अंगणातलं झाड वादळात पडलं, किंवा किडलं म्हणून पाडून घेतलं. झाडवाल्याने बुंध्याचे ओंडके करून ठेवले, फांद्यांचा ढीग एका कोपऱ्यात लावला आणि चेक घेऊन तो गेला. आता या डोंगराचं करायचं काय? लॉग स्प्लिटर घ्यावा का? घ्यायचा तर किती टनांचा? आणि फांद्यांसाठी वुड चिपरही लागेल का?

टनांचा हिशेब मी देणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण दुकानात ती सहसा कोणी सांगत नाही. स्प्लिटर एका वेळी एकानेच चालवायचा. चिपर मात्र एकट्याने कधीही चालवायचा नाही. आपल्या घरांत बहुतेक वेळा नेमकं याच्या उलट होतं. स्प्लिटरभोवती सगळं घर जमतं, आणि चिपरचा कंटाळवाणा आवाज सुरू झाला की सगळे दारं-खिडक्या लावून आत जाऊन बसतात. हे उलट का करायला हवं, तेच आजच्या लेखाचं सार आहे.

झाडं पदरी पडतात, त्याची गोष्ट

पुण्या-मुंबईत वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना झाड म्हणजे सोसायटीचं नाहीतर म्युनिसिपालटीचं. इथे घर घेतलं की चार ओक, दोन मेपल आणि एखादा ॲश घराच्या कागदपत्रांबरोबर पदरी पडतात. पहिली काही वर्षं फक्त पानं गोळा करावी लागतात. मग एखादं वादळ येतं. न्यू जर्सी-कनेक्टिकटकडच्या वाचकांना २९ ऑक्टोबर २०११ आठवत असेल. झाडांवर पानं होती तशीच असताना ओला, जड बर्फ पडला आणि पानांवर साठलेल्या ओझ्याने फांद्या काडकाड मोडल्या. बरोबर एक वर्षाने, २९ ऑक्टोबर २०१२ ला, सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं आणि उरलेसुरले वृक्ष मुळांसकट आडवे झाले. दोन्ही वेळा लाखो घरांची वीज गेली. ज्यांच्याकडे लाकडाची शेगडी आणि वाळलेलं जळण होतं, त्यांच्या घरात निदान एक खोली उबदार राहिली.

ॲश झाडांचं दुखणं वेगळंच. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चमकदार किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. त्यानंतर तो तिसाहून जास्त राज्यांत पसरला आहे आणि त्याने कोट्यवधी ॲश मारले आहेत. मेलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो. म्हणून उभा मेलेला ॲश स्वतः पाडायच्या भानगडीत कोणीही पडू नये. तो जमिनीवर आला आणि त्याचे ओंडके झाले, की मग आपलं काम सुरू होतं.

स्प्लिटर : किती टनांचा?

शाळेतल्या शास्त्राच्या पुस्तकात पास्कलचा नियम आणि त्याच्या शेजारी ब्रामा प्रेसची आकृती होती, आठवतं? जोसेफ ब्रामाने ते यंत्र १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट केलं. लॉग स्प्लिटर म्हणजे तेच यंत्र चाकांवर ठेवलेलं. इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेल सिलिंडरमध्ये ढकलतो, तेलाच्या दाबाने दट्ट्या पुढे सरकतो आणि ओंडका पाचरीवर दाबला जातो. काही यंत्रांत पाचर स्थिर असते आणि ओंडका सरकतो, काहींत ओंडका जागेवर राहून पाचर पुढे येते. गावी रस्त्याच्या कामावर जेसीबीचा हात उचलणारं तंत्रही हेच.

आता हिशेब. दट्ट्याचा जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले दट्ट्याचं क्षेत्रफळ. घरगुती स्प्लिटरमध्ये दाब साधारण दर चौरस इंचाला ३००० पौंडांच्या घरात असतो. सिलिंडरचा आतला व्यास ४ इंच असेल तर क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस इंच. गुणाकार केला की साडेसदतीस हजार पौंडांच्या आसपास आकडा येतो. इथला टन २००० पौंडांचा, म्हणजे जोर झाला जवळजवळ १९ टन. साडेचार इंचाच्या सिलिंडरला सुमारे २४ टन आणि ५ इंचाच्या सिलिंडरला सुमारे २९ टन. दुकानात ४ इंची सिलिंडरच्या यंत्रावर ‘२७ टन’ असा स्टिकर दिसला, तर तेवढ्या जोराला ४३०० पौंडांच्या आसपास दाब लागेल हे लक्षात घ्या आणि पंपाचा दाब किती आहे, ते सेल्समनला विचारा. उत्तर ऐकताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

एवढे टन लागतात का? सरळ रेषेचं लाकूड असेल, म्हणजे ॲश, मेपल किंवा ओक, आणि ओंडका फुटा-सव्वाफुटाचा असेल, तर २० टनांत काम सुखाने होतं. एल्म आणि स्वीटगम यांच्या लाकडाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ते फुटत नाही, फाटत जातं. तसलं लाकूड, मोठ्या गाठी, किंवा दोन-दोन फुटांचे ओंडके असतील तर २५ ते ३० टन बघा. विजेवर चालणारे छोटे स्प्लिटर साधारण ४ ते ७ टनांचे असतात आणि घरातल्या नेहमीच्या १५ अँपियरच्या प्लगवर चालतात. आठ-दहा इंचांपर्यंतच्या सरळ लाकडाला ते पुरेसे आहेत, आवाजही कमी, धूर नाही. वर्षाला थोडंसंच जळण लागणाऱ्या घराला तेवढं पुष्कळ झालं.

टनांपेक्षा मी दोन गोष्टींकडे जास्त लक्ष देतो. पहिली म्हणजे पंप दोन टप्प्यांचा आहे का. असा पंप आधी कमी दाबाने भरपूर तेल सोडतो, त्यामुळे दट्ट्या झरझर ओंडक्यापर्यंत येतो. अडथळा लागला की आपोआप कमी तेल आणि जास्त दाब, असा बदल होतो. दुसरी म्हणजे यंत्र उभं करता येतं का. ओल्या रेड ओकचं वजन घनफुटाला साठ पौंडांहून जास्त भरतं. २० इंच व्यासाचा आणि १६ इंच लांबीचा एकच ओंडका म्हणजे सुमारे १८० पौंड! तो उचलून आडव्या यंत्रावर ठेवताना जी पाठ जाते ती पुढच्या दिवाळीपर्यंत जागेवर येत नाही. उभ्या यंत्राखाली ओंडका नुसता लोटत आणायचा असतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी तर उभं होणारंच यंत्र घ्यावं, हा माझा आग्रह आहे.

विकत, भाड्याने की भिशीने?

एकच झाड पडलं असेल तर भाड्याने आणा. मित्राकडून रविवारपुरता ट्रक मागून घ्या, शनिवारी ओंडके यंत्राच्या जागेजवळ आणून ठेवा आणि भाड्याचा दिवस फक्त फोडण्यात घालवा. बरीच मंडळी भाड्याचं यंत्र दारात उभं करून अर्धा दिवस ओंडके वाहण्यात घालवतात. दरवर्षी लाकूड जाळणाऱ्या घराने विकत घ्यायला हरकत नाही. चार-पाच घरांनी मिळून, भिशीसारखे पैसे काढून एक यंत्र घेण्याची कल्पनाही चांगली आहे, मात्र दोन गोष्टी आधीच ठरवा. तेल, पेट्रोल आणि दुरुस्ती कोणाकडे? आणि यंत्र नेणाऱ्याला ते शिकवणार कोण? शिकवल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. मैत्री टिकते आणि बोटंही.

स्प्लिटरवर एकटाच माणूस

आपल्याकडे ‘हातभार लावणे’ हा सद्गुण मानला जातो आणि तो आहेच. लग्नात वाढपी कमी पडले की पाहुणेही पंगतीत उतरतात. त्यात उन्हाळ्यात आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात. आईला स्वयंपाकघर मिळतं. बाबांना मात्र इथे ना बँक, ना भाजी आणणं, ना कट्टा. त्यांचे हात शिवशिवत असतात. अंगणात यंत्र सुरू झालं की ते चप्पल घालून बाहेर येतात आणि विचारतात, “मी काय करू?”

ओळखीतल्या एका घरात असंच झालं. सासरे नाशिकहून आले होते. जावई म्हणाले, “बाबा, मी ओंडका धरतो, तुम्ही फक्त दांडा ओढा.” तासभर काम छान चाललं. मग एक ओंडका तिरका बसला. जावयांनी तो सरळ करायला हात घातला आणि “थांबा” म्हणाले. इंजिनच्या आवाजात सासऱ्यांना नुसते ओठ हललेले दिसले. त्यांना वाटलं, ‘ओढा’ म्हणाले. जावयांच्या दोन बोटांची पेरं गेली. सासरे त्यानंतर पुन्हा अमेरिकेला आले नाहीत.

यात कोणी बेफिकीर नव्हतं, कोणी घाई केली नाही, यंत्रही उत्तम होतं. एकाचे हात पाचरीजवळ आणि दांडा दुसऱ्याच्या हातात, एवढंच कारण अपघाताला पुरलं. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो, पण स्प्लिटरच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरते. यंत्र बनवणाऱ्यांनी दांडा असा केलेला असतो की तो धरून ठेवला तरच पाचर पुढे येते, सोडला की थांबते. जो ओंडका ठेवतो त्याचेच हात दांड्यावर गेले पाहिजेत, म्हणजे ते हात पाचरीजवळ असूच शकत नाहीत. ही सगळी योजना एका माणसासाठी आहे. दुसरा माणूस आला की ती योजनाच मोडते. म्हणून जो ओंडका ठेवेल तोच दांडा ओढेल. बाकी सगळे निदान १० फूट लांब. यंत्राच्या पुस्तकात जास्त अंतर दिलं असेल तर तेवढं. दांडा दोरीने बांधून ठेवणं किंवा विजेच्या यंत्रावरची दोन हातांची बटणं काडी खोचून एका हातात आणणं, हे तर करायचंच नाही.

आणखी काही गोष्टी :

ओंडका धरायचा तो बाजूंनी, दोन्ही टोकांना हात कधीही लावायचा नाही. चिरडण्याची जागा टोकाला असते.

ओंडक्याची टोकं काटकोनात कापलेली हवीत. तिरक्या टोकाचा ओंडका दाब येताच उसळून बाहेर येतो. पाचर नेहमी उभ्या रेषांच्या दिशेने गेली पाहिजे. ओंडका आडवा ठेवून फोडायचा नाही.

अर्धवट फुटलेल्या ओंडक्याच्या फटीत बोट घालायचं नाही. पंचतंत्रातल्या पाचर काढणाऱ्या माकडाची गोष्ट आपण लहानपणीच ऐकली आहे. त्या माकडाचं जे झालं, ते यंत्राच्या फटीतही होतं.

तेलाच्या नळीतून गळती वाटली तर हात फिरवून शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीतून आत शिरते. बाहेरून फक्त एक ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. पण आत तेल बोटभर पसरतं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवायची वेळ येऊ शकते. अशा वेळी इमर्जन्सीत जाऊन ‘लहानसं टोचलंय’ असं म्हणू नका, ‘दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलं आहे’ असं स्पष्ट सांगा. आपल्या वाचकांत डॉक्टर पुष्कळ आहेत, ते याला दुजोरा देतील. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून बघायचं. आणि नळी घट्ट करायची ती इंजिन बंद करून, दांडा पुढे-मागे हलवून दाब सोडल्यावरच.

यंत्र सपाट जागी, चाकांना अडणी लावून ठेवा. गॅरेजमध्ये, दार उघडं असलं तरी, इंजिन चालवू नका, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोल भरायचं ते इंजिन थंड झाल्यावर.

चिपरवर दोघं हवीत

आता फांद्या. चिपरच्या पोटात एक जड चकती किंवा ढोल वेगाने फिरतो आणि त्यावर बसवलेली पाती फांदीच्या ढलप्या करतात. विजेवरचे छोटे श्रेडर दीड इंचाच्या आसपासच्या काटक्यांपुरते असतात. पेट्रोलवरच्या घरगुती चिपरवर ‘३ इंच’ असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा ओल्या, सरळ फांदीसाठी धरा. वाळक्या ओकची फांदी असेल तर त्याच्या निम्मं. ताज्या ओल्या फांद्या सहज जातात, वाळल्या की पाती बोथट करतात. म्हणून चिपरचं काम आधी उरकायचं आणि फोडणं मागाहून. ओंडके महिनाभर थांबले तरी बिघडत नाही. गोठलेलं लाकूड तर कडाक्याच्या थंडीत जास्तच छान फुटतं.

चिपर विकत घेणं बहुतेक घरांना परवडण्यासारखं आणि गरजेचंही नसतं. पात्यांची धार, पट्टे, जागा, हे सगळं वर्षातल्या दोन दिवसांसाठी करायचं? बऱ्याच टाऊनशिप ठराविक दिवशी फांद्या उचलून नेतात, काही तर ढलप्या फुकट परतही देतात. आधी तिथे फोन करा. झाडवाल्याशी भाव ठरवतानाच ‘फांद्या चिप करून ढलप्या इथेच टाका’ असं सांगितलं तर सगळ्यात स्वस्त पडतं. तरीही भाड्याने आणणार असाल तर काउंटरवर दोन प्रश्न विचारा : पात्यांना धार कधी लावली? आणि यंत्र थांबवायचा दांडा कुठे आहे, तो मला चालवून दाखवाल का?

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. भाड्याने मिळणाऱ्या ६ इंची चिपरमध्ये बहुधा रोलर असतात. ते फांदी स्वतःच आत ओढतात. मोठ्या यंत्रांत हा वेग मिनिटाला शंभर फुटांच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला दीड-दोन फूट. बाहीचं टोक एखाद्या काटकीत अडकलं तर विचार करायला वेळ मिळत नाही. अशा वेळी दांडा ओढणारा दुसरा माणूस शेजारी हवा. त्याने फांद्या वाहायच्या नाहीत, मोबाइल बघायचा नाही. यंत्र कसं थांबतं हे त्याने आधी स्वतः करून पाहिलेलं हवं, आणि नजर सतत फांदी घालणाऱ्यावर. कानांवर मफ असल्याने हाक ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या. जावई-सासऱ्यांच्या ‘थांबा’ची गोष्ट इथेही लक्षात ठेवा.

फांदी घालताना जाड बाजू आधी. तोंडासमोर उभं न राहता बाजूला उभं राहायचं आणि फांदी आत ओढली जाऊ लागली की हात सोडून मागे व्हायचं. दुबेळक्यात फुटलेली फांदी आत जाताना चाबकासारखी फिरते, म्हणून तिचे फाटे आधी कापून घ्यावेत. लहान काटक्या हाताने ढकलायच्या नाहीत, पायाने तर नाहीच. त्या एखाद्या लांब फांदीने ढकलायच्या. जमिनीवरचा कचरा झाडून आत टाकू नका. त्यात खडे, खिळे आणि तारा असतात, त्या बंदुकीच्या गोळीसारख्या बाहेर येतात.

कपड्यांबद्दल स्पष्ट लिहितो. ओढणी, साडीचा पदर, लोंबते मफलर, नाडीचे स्वेटशर्ट, मोकळे केस, बांगड्या, लांब मंगळसूत्र, सैल मनगटाचे हातमोजे, यातलं काहीही चिपरजवळ नको. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, पायात जाड बूट. बाबांची चप्पल इथे चालणार नाही.

आणि यंत्र अडकलं तर? बंद केल्यावरही पाती पुष्कळ वेळ फिरत राहतात. आवाज कमी झाला म्हणजे ती थांबली असं नाही. पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा, किल्ली खिशात घाला, स्पार्क प्लगची वायर काढा, मगच झाकण उघडा.

मुलांचा प्रश्न येतोच. सोळा वर्षांचा मुलगा अंगाने आपल्यापेक्षा दांडगा असतो आणि त्याला हे यंत्र हवंच असतं. अमेरिकेच्या कामगार कायद्यात २०१० पासून वुड चिपर हे धोक्याच्या यंत्रांच्या यादीत आहे आणि सर्वसाधारणपणे १८ वर्षांखालच्यांना नोकरीत ते चालवायला मनाई आहे. जे काम पगार देऊनही त्याच्याकडून करून घेता येत नाही, ते आपल्या अंगणात फुकट कशाला?

काय यंत्रात घालायचं आणि काय नाही

पॉइझन आयव्हीचा वेल लपेटलेली फांदी चिप करू नका आणि जाळूही नका. त्याचं तेल वाळक्या वेलातही टिकून राहतं, आणि धुरातून फुप्फुसात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो. झाडावरून चढलेला केसाळ दोरखंडासारखा वेल दिसला तर तो हाच समजा.

ब्लॅक वॉलनटच्या ताज्या ढलप्या भाजीच्या वाफ्यात नकोत. त्यातल्या जुग्लोन या द्रव्याने टोमॅटो, वांगी, मिरची माना टाकतात. म्हणजे आपली निम्मी भाजीच की! बाकी झाडांच्या ढलप्या वाफ्यांच्या पायवाटेवर आणि झुडपांभोवती दोन ते चार इंच पसरा, मातीत मिसळू नका. खोडाला मात्र चिकटवून ढीग लावू नका, साल कुजते.

फोडलेलं लाकूड दुसऱ्या गावच्या मित्राला भेट नेण्याचा मोह आवरा. न्यूयॉर्क राज्यात उष्णतेची प्रक्रिया न केलेलं जळण मूळ जागेपासून ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. ॲश बोरर स्वतः फार लांब उडत नाही, तो माणसांच्या गाड्यांतून, कँपिंगच्या लाकडातून प्रवास करतो. पेनसिल्व्हेनियात २०१४ मध्ये प्रथम सापडलेल्या स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडीही लाकडाच्या सालीवर बसून प्रवास करतात.

मग बाबांनी काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर मला यंत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं. ‘तुम्ही आत बसा’ हे उत्तर नव्हे. लाकूड फोडणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे रचणं आणि वाळवणं, आणि त्यात पिकलेल्या हातांना पुष्कळ वाव आहे. कोकणात वाढलेल्यांना आगोटीची बेगमी आठवत असेल. पावसाआधी सुकं जळण पडवीत कसं रचायचं, वारा कुठून खेळू द्यायचा, हे त्या पिढीला कोणी शिकवावं लागत नाही.

यंत्र बंद झाल्यावर बाबांना रचायला बोलवा. जमिनीपासून चार इंच उंच फळ्यांवर, एकेरी ओळीत, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, फक्त वरून झाकलेली आणि बाजू मोकळ्या ठेवलेली रास हवी. घराच्या भिंतीला टेकवून नको, वाळवी लागते. ओलाव्याचं मीटर स्वस्तात मिळतं, ते त्यांच्या ताब्यात द्या. फळी फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचून बघायचं. ओलावा २० टक्क्यांखाली आला की लाकूड जाळण्यालायक झालं. ॲश आणि मेपल साधारण सहा महिने ते वर्षभरात तयार होतात, ओकला एक ते दोन वर्षं लागतात. ओलं लाकूड जाळलं की धुराड्यात डांबरासारखा क्रिओसोट साठतो आणि एक दिवस धुराडंच पेटतं. तेव्हा रास कधी जाळायची याचा निर्णय त्या मीटरवाल्याचा. बाबा नाशिकला परत गेल्यावरही फोनवर विचारतात, “ओक किती टक्क्यांवर आला?” आणि आपल्याला मीटर घेऊन अंगणात जावंच लागतं.

हात कधी लावायचाच नाही

विजेच्या तारेवर पडलेलं झाड, दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड, घरावर टेकलेलं झाड आणि उभा मेलेला ॲश, ही कामं पूर्णपणे व्यावसायिकांची. वादळानंतर दार वाजवत येणाऱ्याला लगेच हो म्हणू नका. त्याच्या विम्याचं आणि कामगारांच्या भरपाईच्या विम्याचं प्रमाणपत्र मागा, आणि ते खरं आहे का हे विमा कंपनीला फोन करून विचारा. विमा नसलेला माणूस आपल्या अंगणात पडला तर खर्च आपल्या दारात येतो.

शेवटी, कापून गॅरेजच्या भिंतीवर लावण्यासाठी :

१. स्प्लिटर : जो ओंडका ठेवेल तोच दांडा ओढेल. बाकी सगळे १० फूट लांब.
२. चिपर : एकट्याने नाही. दुसरा माणूस फक्त थांबवायच्या दांड्यापाशी.
३. तेलाची गळती पुठ्ठ्याने शोधायची, हाताने नाही.
४. पाती पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.
५. यंत्र बंद झालं की सगळ्या घराने हातभार लावायचा. रास रचायला जितके हात, तितके कमीच.

पुढच्या अंकात हिवाळ्याआधी धुराड्याची सफाई आणि तपासणी कशी करून घ्यावी ते बघू. आपले प्रश्न नेहमीप्रमाणे संपादकांकडे पाठवावेत. अंगणातल्या राशीचे फोटोही चालतील, बाबांसकट.